शेपटी उचलली, भिंत राहिली

येल विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियममधल्या ब्रोन्टोसॉरस या लांब मानेच्या डायनोसॉरची शेपटी आता जमिनीला टेकत नाही. १९३१ साली हा सांगाडा उभा केला तेव्हा ती मागे खाली उतरत जमिनीवर आली होती, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं तशीच राहिली. चार वर्षांच्या कामानंतर २६ मार्च २०२४ रोजी म्युझियम परत उघडलं. प्राणी तोच, हाडंही तीच, पण शेपटी मागे हवेत तोललेली, मान पुढे झेपावलेली, आणि सगळा आविर्भाव असा की हा आता पाऊल उचलणार.

त्याच दालनाच्या भिंतीवर मात्र एक दुसरा ब्रोन्टोसॉरस आहे, रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने १९४० च्या दशकात रंगवलेला. तो दलदलीच्या पाण्यात उभा आहे, कारण इतकं अजस्र धूड जमिनीवर स्वतःचं वजन पेलू शकणार नाही अशी तेव्हाची समजूत होती. थोडं पुढे टायरॅनोसॉरस आहे. तो ताठ उभा, शेपटी मागे जमिनीवर टेकलेली. आजचं शास्त्र हे दोन्ही मानत नाही. तरीही नूतनीकरणात सांगाडा बदलला आणि भिंत जशीच्या तशी जपली. दालनाच्या मध्यभागी उभं राहिलं की एका नजरेत दोन्ही दिसतात.

मी मूळची नागपूरची, प्राणिशास्त्र शिकलेली, आणि बरीच वर्षं कनेटिकटमध्ये राहते. न्यू हेवन गावातलं हे म्युझियम मी जुन्या रूपातही पाहिलं होतं आणि नव्या रूपातही पाहते आहे. नव्या इमारतीबद्दल वर्तमानपत्रांत आलं ते बहुतेक काच, उजेड आणि खर्च याबद्दल होतं. मला लिहावंसं वाटतं ते त्या शेपटीबद्दल आणि त्या भिंतीबद्दल.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या म्युझियमचा जन्म एका मामा-भाच्याच्या नात्यातून झाला. मामा जॉर्ज पीबॉडी, मॅसॅच्युसेट्समध्ये गरिबीत वाढलेला आणि लंडनमध्ये सावकारी पेढी काढून अफाट श्रीमंत झालेला. भाचा ऑथनियल चार्ल्स मार्श, येलमध्ये आणि मग जर्मनीत शिकलेला, जीवाश्मांनी झपाटलेला. भाच्याने गळ घातली आणि १८६६ मध्ये मामाने येलला नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयासाठी दीड लाख डॉलर दिले. त्याच वर्षी मार्श येलमध्ये पुराजीवशास्त्राचा प्राध्यापक झाला, अमेरिकेतला पहिलाच. पुढे त्याने आधी विद्यार्थ्यांना घेऊन पश्चिमेकडच्या मोहिमा काढल्या, नंतर पगारी माणसं ठेवली. वायोमिंगमधल्या कोमो ब्लफ इथे रेल्वेच्या माणसांना हाडं दिसली, त्यांनी मार्शला पत्र लिहिलं, आणि खोकीच्या खोकी न्यू हेवनला येऊ लागली. याच काळात फिलाडेल्फियाच्या एडवर्ड कोपशी त्याचं वैर टोकाला गेलं. नवा प्राणी आधी कोण जाहीर करतो याची शर्यत. घाईघाईत नावं दिली जात होती. मार्शने १८७७ मध्ये एका प्राण्याला अॅपॅटोसॉरस म्हटलं आणि १८७९ मध्ये दुसऱ्या, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सांगाड्याला ब्रोन्टोसॉरस. १९०३ मध्ये एल्मर रिग्जने दाखवलं की दोन्ही एकाच प्रजातीगटातले आहेत, म्हणून आधीचं नाव टिकलं आणि ब्रोन्टोसॉरस शास्त्रातून बाद झाला. लोकांच्या तोंडातून तो कधीच गेला नाही. २०१५ मध्ये युरोपातल्या तीन अभ्यासकांनी अनेक संग्रहांतली हाडं पुन्हा मोजून-तपासून दोन्ही वेगळे मानायला हवेत असं मांडलं, आणि नाव परत आलं.

१८७६ च्या उन्हाळ्यात इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली मार्शकडे आला होता, तो प्रसंग मला फार आवडतो. विषय घोड्याच्या उत्क्रांतीचा. हक्सली विचारायचा, अमुक टप्पा दाखवणारं काही आहे का? मार्श मदतनिसाला खोक्याचा नंबर सांगायचा, आणि खोकं यायचं. पुन्हा प्रश्न, पुन्हा खोकं. हक्सली युरोपातल्या पुराव्यांवर बेतलेली मांडणी घेऊन आला होता. ती त्याने तिथेच सोडली आणि घोड्याची वंशावळ अमेरिकेत घडली हे मान्य केलं. त्या दिवशीचा वाद मिटवला तो नोंद करून, नंबर घालून ठेवलेल्या खोक्यांनी. म्युझियम म्हणजे लोकांना दिसतं ते दालन, असं आपण धरून चालतो. विद्यापीठाच्या म्युझियमचा खरा जीव त्या मागच्या खोक्यांत असतो. पीबॉडीकडे आज १ कोटी ४० लाखांहून जास्त नमुने आणि वस्तू आहेत. त्यातल्या फार थोड्या दालनात येतात.

पहिली इमारत १८७६ मध्ये उघडली. ती एवढी लहान होती की ब्रोन्टोसॉरस उभा करायला जागाच नव्हती. मार्श १८९९ मध्ये गेला, आपला सगळ्यात प्रसिद्ध प्राणी उभा राहिलेला न पाहता. १९१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ती इमारत पाडली. युद्ध सुरू होतं, नवी इमारत लांबली, आणि संग्रह वर्षानुवर्षं खोक्यांत बंद राहिला. व्हिटनी अॅव्हेन्यूवरची आजची गॉथिक धाटणीची इमारत १९२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिचं मुख्य दालन ब्रोन्टोसॉरस मावेल अशा मापाने बांधलं होतं.

त्या सांगाड्याला स्वतःचं डोकं नव्हतं. लांब मानेच्या या डायनोसॉरांची कवटी नाजूक असते, मानेपासून सुटून जाते, सहसा सापडत नाही. म्हणून दुसऱ्या जातीच्या, आखूड आणि बोजड कवटीवर बेतलेलं डोकं त्याला बसवलं होतं. ते १९८१ पर्यंत तसंच होतं. मग जुनी पत्रं आणि नोंदी चाळून, कुठलं हाड कुठल्या खाणीतून आलं याचा माग काढून ते बदललं. तेव्हा डोकं बदललं, आता शेपटी. या प्राण्याला जमिनीतून काढून दीडशे वर्षं होत आली, तरी त्याची दुरुस्ती अजून चालूच आहे.

आता भिंत. १९४० च्या सुमारास म्युझियमचे संचालक होते अल्बर्ट पार. मोठ्या दालनाची ती लांबलचक करडी भिंत त्यांना रुक्ष वाटायची. झालिंगर तेव्हा येलच्या कलाशाळेत शिकत होता. सायबेरियातल्या इर्कुत्स्कमध्ये जन्मलेला, विशीतला मुलगा. पार यांच्यासाठी तो समुद्री शेवाळांची चित्रं काढत होता. तिथून त्याला ही भिंत मिळाली. भिंतीचे चौकोन पाडून प्रत्येकात एकेक देखावा रंगवायचा, अशी मूळ कल्पना होती. झालिंगरने वेगळंच सुचवलं. सबंध भिंतीवर एकच अखंड निसर्गदृश्य, आणि त्यात काळ वाहता. मधे मधे पुढच्या बाजूला उंच झाडं, तिथे एक कालखंड संपतो आणि दुसरा सुरू होतो. पण जमीन अखंड, आकाशही अखंड. तीस कोटी वर्षांचा काळ असा सलग दाखवायची ही युक्ती मला आजही थक्क करते. हाडं पाहून जे कळत नाही ते त्या झाडांमुळे कळतं. एक युग संपलं म्हणजे पडदा पडला असं नसतं.

रंगवण्याआधी त्याला सहा महिने शिकवलं गेलं. प्राण्यांची शरीररचना, खडकांचे थर, वनस्पती. शिकवणाऱ्यांत जॉर्ज वीलँड होते, ज्यांनी १८९५ मध्ये साउथ डकोटात आर्केलॉन हे अजस्र समुद्री कासव शोधलं होतं. वनस्पती त्यांच्याकडे. आणि पृष्ठवंशी प्राण्यांसाठी जी. एडवर्ड लुईस नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ होते. हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

चित्र ११० फूट लांब आणि १६ फूट उंच आहे. ते वाळलेल्या गिलाव्यावर, जुन्या इटालियन पद्धतीने रंगवलेलं आहे. रंग भिंतीशी एकजीव झालेला. कॅनव्हास गुंडाळून बाजूला ठेवता येतो, तशी ही भिंत ठेवता येत नाही. १९४७ मध्ये काम पुरं झालं, १९४९ मध्ये झालिंगरला त्यासाठी पुलित्झर शिष्यवृत्ती मिळाली, १९५३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकाने चित्राची छोटी आवृत्ती छापली, १९७० मध्ये ते टपाल तिकिटावर आलं. डायनोसॉर म्हटल्यावर दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर जे उभं राहायचं, ते या भिंतीवरून गेलेलं होतं. सुस्त, थंड रक्ताचे, शेपटी ओढत चालणारे प्रचंड सरडे.

आणि या चित्राला सर्वांत मोठा धक्का त्याच इमारतीतून बसला. जॉन ऑस्ट्रम पीबॉडीतच पुराजीवशास्त्राचे अभिरक्षक होते. १९६४ मध्ये मोंटानात त्यांना माणसाएवढ्या एका शिकारी डायनोसॉरची हाडं मिळाली. मागच्या पायाला विळ्यासारखं नख. शेपटीच्या मणक्यांभोवती हाडासारख्या कठीण झालेल्या बारीक काड्यांच्या जुड्या. अशी शेपटी लोळवता येत नाही. ती ताठ मागे राहते, धावताना आणि वळताना तोल सावरते. १९६९ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन डायनोनिकस या नावाने प्रसिद्ध केलं, आणि पुढे पक्षी हे डायनोसॉरांच्याच वंशातले आहेत ही मांडणी पुराव्यानिशी पुन्हा उभी केली. लांब मानेच्या अवजड डायनोसॉरांबद्दलही शंका होत्याच. त्यांच्या पावलांचे ठसे जगभर सापडतात, पण ठशांच्या मागे शेपटी ओढल्याची रेघ जवळजवळ नसतेच. एवढं वजन ओढलं असतं तर चिखलात चर पडला असता.

ऑस्ट्रम वर्षानुवर्षं त्या भिंतीसमोरून ये-जा करत असणार. त्यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं, पण ती भिंत काढा असं कुणी म्हटलं नाही. मला वाटतं, हा त्या विद्यापीठाच्या स्वभावाचा भाग आहे आणि तो दुर्मीळ आहे. जुनं चुकीचं ठरलं की ते झाकून टाकायचं, नाहीतर त्यालाच कवटाळून नव्याला दारात उभं करायचं नाही, हे दोन्ही फार सोपं असतं. चुकीचं चित्र सांभाळायचं, त्याच्यासमोर बरोबर सांगाडा उभा करायचा आणि दोहोंमधलं अंतर लोकांना पाहू द्यायचं, हे अवघड आहे. त्यासाठी आपण काल काय मानत होतो हे जाहीरपणे कबूल करावं लागतं.

२०१८ मध्ये टेक्सासचे उद्योजक आणि येलचे माजी विद्यार्थी एडवर्ड बास यांनी १६ कोटी डॉलर दिले आणि बरीच वर्षं अडलेलं काम मार्गी लागलं. २०२० च्या सुरुवातीला डायनोसॉरांचं दालन बंद झालं. सांगाडे सुटे करून कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये, हेच काम करणाऱ्या एका कार्यशाळेत पाठवले. तिथे जुना रंग, जुनं प्लॅस्टर, जुनं लोखंड काढलं गेलं. तेवढ्यात महामारी आली आणि सगळं म्युझियम ठरल्या वेळेआधीच बंद पडलं. जुनी इमारत आणि शेजारची विज्ञान इमारत यांच्या मधल्या जागेत चार मजली नवा भाग उभा राहिला, वरून उजेड येणारा. प्रदर्शनाची जागा दीडपट झाली. वर्गखोल्या आल्या, विद्यार्थ्यांना नमुने हाताळत शिकता येईल अशी व्यवस्था आली. आणि या सगळ्यात ती ११० फुटांची भिंत आपल्या जागेवर होती. तिला हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून काम तिला सांभाळून करावं लागलं.

प्रवेश आता सगळ्यांना मोफत आहे. हा निर्णय मला नव्या भागापेक्षाही मोठा वाटतो. न्यू हेवन हे काही श्रीमंत गाव नाही. येलची दगडी इमारत आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावरची वस्ती यांच्यात जे अंतर आहे ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तिकीट गेल्यापासून शाळा सुटल्यावर नुसतीच डोकावणारी मुलं दिसतात. एका रविवारी सात-आठ वर्षांची एक मुलगी सांगाड्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत होती. मग आईला म्हणाली, याची शेपटी वर आहे, त्याची खाली. दोघांपैकी खोटं कोण? आईने फलक वाचून सांगायला सुरुवात केली, पण मुलगी ऐकत नव्हती. ती वाकून सांगाड्याचा पाय आणि चित्रातला पाय ताडून पाहत होती. शास्त्राची सुरुवात याहून वेगळी असते असं मला वाटत नाही.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ थांबते ती वीलँडच्या आर्केलॉनपाशी. हे प्रचंड कासव सात कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, अमेरिकेच्या मधोमध समुद्र होता तेव्हा त्यात पोहत होतं. बघणारे पसरलेले पुढचे वल्ह्यासारखे पाय पाहतात आणि पुढे जातात. मागे जाऊन उजवीकडे पाहायला हवं. मागचा उजवा पाय नाही. तो नंतर हरवलेला नाही. मांडीचं जे हाड उरलं आहे ते डाव्या बाजूच्या हाडापेक्षा खुरटलेलं आहे, म्हणजे प्राणी लहान असतानाच कुणीतरी पायाचा लचका तोडला, आणि त्यानंतर तो एवढा मोठा होईपर्यंत जगला. तीन पायांवर. एवढी एक गोष्ट वाचायला मांडीची दोन हाडं शेजारीशेजारी ठेवून बघणारा डोळा लागतो. आणि हाडं जपून ठेवणारं कुणीतरी लागतं.

आता लुईस. झालिंगरला डायनोसॉर शिकवण्याच्या दहा वर्षं आधी, १९३२ मध्ये, येलचा विद्यार्थी असलेला हा तरुण हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्यांत फिरत होता. बिलासपूर संस्थानात, आजच्या हिमाचल प्रदेशात, हरितल्यांगर नावाचं गाव आहे. तिथे त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, उजव्या बाजूचा, काही दातांसह. १९३४ मध्ये त्याने त्याला रामापिथेकस नाव दिलं. शिवापिथेकस हे एका जुन्या वानराचं नाव आधीच होतं. लुईसने सुग्रीवाच्या नावावरूनही एक वानर नोंदवला. त्याचं म्हणणं होतं की रामापिथेकसच्या दातांत आणि जबड्याच्या वळणात माणसाकडे जाणारी चिन्हं दिसतात. अमेरिकेतल्या एका बड्या मानववंशशास्त्रज्ञाने, अलेश हर्दलिच्काने, ते फेटाळून लावलं. तुकडा येलच्या संग्रहात राहिला.

१९६१ मध्ये त्याच संग्रहातून तो पुन्हा बाहेर आला. येलचे एल्विन सायमन्स यांनी पीबॉडीच्याच नियतकालिकात लिहिलं की लुईस बरोबर होता, हा माणसाचा सर्वांत जुना पूर्वज असावा. पुढे डेव्हिड पिलबीमही त्यांच्यासोबत आले. पुढची काही वर्षं भारतातल्या पाठ्यपुस्तकांतही रामापिथेकस माणसाच्या वंशावळीत पहिल्या पायरीवर होता. माझ्या आईच्या पिढीने तसंच पाठ केलेलं आहे. आणि १९६५ मध्ये एका लोकप्रिय पुस्तकासाठी माकडापासून माणसापर्यंत एकामागे एक चालणाऱ्या आकृत्यांची ती जगप्रसिद्ध रांग रंगवली गेली. आज टी-शर्टपासून जाहिरातींपर्यंत तिच्या नकला दिसतात. त्या रांगेत रामापिथेकस आहे, दोन पायांवर उभा. रांग रंगवणारा कोण? झालिंगर. ज्याने त्याला सहा महिने प्राणी शिकवले, त्याच लुईसने हिमाचलच्या टेकडीत उचललेला जबडा, तेहेतीस वर्षांनी त्या शिष्याच्या कुंचल्यातून दोन पायांवर चालू लागला. हे मला समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या भिंतीसमोर बसून होते.

पण तो चालत नव्हता. तुकडा फक्त एका बाजूचा होता, मधली रेषा त्यात नव्हती. दुसरी बाजू आरशातल्यासारखी कल्पून जबड्याचं वळण ठरवलं होतं, आणि ते किती रुंद धरायचं हे बघणाऱ्याच्या मनावर होतं. १९६७ मध्ये बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून सांगितलं की माणूस आणि आफ्रिकी वानर यांची वाट फार तर पन्नास लाख वर्षांपूर्वी फुटली. रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना. जीवाश्मांच्या अभ्यासकांना ते रुचलं नाही. शेवटी पिलबीम यांच्याच पथकाला पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, आणि १९८२ मध्ये त्यांनीच लिहिलं की हा प्राणी ओरांगउटानच्या जवळचा आहे. रामापिथेकस हा वेगळा प्राणी नव्हताच, तो शिवापिथेकसमध्ये गेला. ज्याने मत मांडलं, त्यानेच पुरावा मिळाल्यावर ते मागे घेतलं. पिलबीम यांच्याबद्दल मला या एका गोष्टीसाठी मनापासून आदर आहे.

संग्रहालयांनी बाहेर देशातून आणलेल्या वस्तूंचा प्रश्न इथे टाळता येत नाही. पीबॉडीलाही तो टाळता आला नाही. येलच्या हायरम बिंगहॅमने माचू पिचूहून आणलेल्या वस्तूंसाठी पेरूने वर्षानुवर्षं झगडा दिला, खटला भरला, आणि अखेर करार होऊन २०११-१२ मध्ये त्या परत गेल्या. आज कुस्कोमध्ये त्यांचं वेगळं संग्रहालय आहे. ते योग्यच झालं. हाडांच्या बाबतीत गुंता जास्त आहे. ज्या नमुन्यावरून नाव पडलं तो नमुना सगळ्या जगाच्या अभ्यासकांना लागतो. पण हरितल्यांगरच्या शाळेतल्या मुलाला त्या जबड्याची निदान एक चांगली प्रतिकृती हाताळायला मिळावी, असं मला वाटतं.

झालिंगरच्या भिंतीवर अगदी शेवटी, डायनोसॉरांच्या अंतिम काळात, मागे ज्वालामुखी धुमसताना दिसतात. १९४७ मध्ये उल्कापाताची कल्पना कुणी गंभीरपणे मांडलेली नव्हती. ती आली १९८० मध्ये. मराठी माणसाला ते ज्वालामुखी पाहून सह्याद्री आठवणं साहजिक आहे. आपल्या घाटातला काळा कातळ, अजिंठा-वेरूळ ज्यात कोरलं तो खडक, याच काळातल्या लाव्ह्याचा. त्या उद्रेकांनी डायनोसॉर मेले की मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीने? येलच्या पिंचेली हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२० मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या नोंदींवरून मांडलं की दख्खनच्या ज्वालामुखींतून बाहेर पडलेल्या वायूंपैकी अर्ध्याहून अधिक भाग अशनीच्या बऱ्याच आधी निघून गेला होता, म्हणून मुख्य घाव अशनीचाच. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर अनेक वर्षं उलट बाजू लढवत आल्या आहेत, दख्खनच जबाबदार असं त्यांचं म्हणणं. वाद संपलेला नाही.

आणि हाडंही आपल्याकडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथल्या शेतांतून डायनोसॉरांची हाडं आणि अश्मीभूत विष्ठा एकोणिसाव्या शतकापासून गोळा होत आली आहे. नागपूरचे पाद्री आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप तिथवर पोचले होते. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, १८६३ चा आहे, म्हणजे पीबॉडीहून जुना. जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मध्ये सापडलेल्या हाडांवरून लायडेकर या शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, भारतातला पहिला नाव मिळालेला डायनोसॉर. नंतर ती हाडं कुठे गेली हे कुणालाच सांगता येईना. जगभरच्या शोधनिबंधांत ती हरवली असंच लिहिलं जायचं. २०१२ मध्ये कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात, नागपूरच्या धनंजय मोहबे यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शेपटीचा तो मणका सापडला. घरातच होता.

मी शिकले त्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाची एक खोली होती. फॉर्मलिनमधले मासे, सापांचे सांगाडे, कुणा जुन्या प्राध्यापकांनी सातपुड्यातून आणलेले बेडूक, प्रत्येक बरणीवर बारीक मोडी वळणाच्या अक्षरात ठिकाण आणि तारीख. इमारतीचं काम निघालं तेव्हा बरण्या व्हरांड्यात काढल्या. पावसात चिठ्ठ्या सुटल्या. काम संपल्यावर, कशाची काय ओळख लागत नाही म्हणून बऱ्याच बरण्या रिकाम्या करून टाकल्या. नव्या खोलीला फरशी छान बसवली होती. ते बेडूक ज्या ओढ्यातले होते तो ओढा आता उरला आहे की नाही, आणि तिथे पूर्वी कुठली जात होती, हे सांगणारा एकमेव कागद त्या बरणीवर चिकटवलेला होता. नूतनीकरण हा शब्द ऐकला की मला अजूनही आधी त्या चिठ्ठ्यांची काळजी वाटते. पीबॉडीत भिंतींना हात लागायच्या आधी सांगाड्यांचं एकेक हाड नोंदून, बांधून बाहेर गेलं, आणि नोंदीबरहुकूम परत आलं. पैसा लागला हे खरं. पण चिठ्ठी सांभाळायला १६ कोटी डॉलर लागत नाहीत. त्या व्हरांड्यात ताडपत्री, एक वही आणि दोन विद्यार्थी पुरले असते. आम्ही तर वर्गात चाळीस होतो.

न्यूयॉर्कला नातेवाइकांकडे आलेल्या मराठी मंडळींना मी हल्ली सांगते, ग्रँड सेंट्रलहून न्यू हेवनची गाडी पकडा, दोन तासांत पोचाल. सोमवारी म्युझियम बंद असतं. दालनात गेलात की भिंत उजव्या टोकाकडून बघायला सुरुवात करा, काळ तिथून डावीकडे जातो. झाडं मोजत चला. मधे ब्रोन्टोसॉरस येईल, तिथे वळून सांगाडा बघा. कासवाचा मागचा पाय बघायला विसरू नका. आणि सोबत लहान मूल असेल तर फलक त्याला आधी वाचून दाखवू नका.